ताठा न उतरलेला आकडा

फार फार वर्षांपूर्वी, दरीवर पूल बांधायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं तेव्हा, एका दरीच्या या काठावर कडेनगर होतं आणि त्या काठावर पैलनगर. दरी एवढी खोल, की भर दुपारचं ऊन सोडलं तर तिचा तळ कुणाला दिसायचा नाही. या काठावरून हाक मारली की त्या काठावर ऐकू जायची. पण चालत जायचं म्हटलं, तर डोंगराला वळसा घालून वीस दिवस लागायचे.

म्हणून जुन्या माणसांनी एक सोय केली होती. दोन्ही काठांना बांधलेला जाड साखळदंड, त्यावरून धावणारं चाक, चाकाला एक पोलादी आकडा आणि आकड्याला लटकवलेला लाकडी पाळणा. पाळण्यात बसायचं, पलीकडच्यांनी दोर ओढायचा, की तोंडातला विडा संपायच्या आत माणूस पैलतीरी.

तो आकडा साठ वर्षं टिकला. पण कडेनगरचं धुकं असं, की सोमवारी वाळत घातलेलं धोतर शुक्रवारीही ओलंच. आकड्यावर ना तेल, ना मुलामा. एक दिवस पहारेकऱ्याने त्याला सहज काठीने टोचलं, तर गंजाचे पापुद्रे असे गळाले, जणू खाजाच मोडला. राजाने त्याच दिवशी पाळणा बंद केला.

नेमकी तेव्हाच राजाची एकुलती एक लेक पैलनगरात, सासरी, गरोदर होती. बाळंतपणाला माहेरी यायचं, तर वाट बंद. राजा रोज संध्याकाळी काठावर उभा राहून तोंडाभोवती हात धरून ओरडायचा, "जेवलीस काऽऽ?" आणि पलीकडून बारीक आवाज यायचा, "जेवलेऽऽ!" मग राजा डोळे पुसत घरी जायचा आणि स्वतः दुप्पट जेवायचा.

आता या नगरात सटवाजी नावाचा एक लोहार होता. जुना आकडा त्याच्याच आजाने घडवलेला. सटवाजीचा हात चांगला होता, पण जीभ हाताच्या चार पावलं पुढे धावायची. "माझं पोलाद ना? हत्ती नाचवा त्यावर. वाकणार नाही!" हे तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. आणि त्याचे विळे खरंच वाकत नसत. कधीमधी त्यांचे दोन तुकडे पडत, एवढंच. पण कुणी तुकडे घेऊन आलं, की सटवाजी म्हणायचा, "तुमचं गवतच खराब असणार."

खरी गोष्ट वेगळीच होती. पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. याला लोहार पाणी पाजणं म्हणतात. पण नुसतं पाणी पाजलेलं पोलाद कडक असलं, तरी काचेसारखं असतं; जोराचा दणका बसला की तडकतं. म्हणून त्याला पुन्हा मंद आचेवर सावकाश तापवावं लागतं. त्यात थोडा कडकपणा जातो, पण चिवटपणा येतो. सटवाजीचा आजा याला ‘ताठा उतरवणं’ म्हणायचा. सटवाजीला नेमका याचाच कंटाळा. आचेसमोर बसून पोलादाचा रंग बदलायची वाट बघणं, हे त्याच्या मते दात पडलेल्यांचं काम होतं.

त्याची बायको हौसा भाता ओढायची. ती म्हणायची, "अहो, पाणी पाजलं म्हणजे काम निम्मं झालं."

सटवाजी म्हणायचा, "उरलेलं निम्मं गिऱ्हाईक करेल."

त्याच्या भट्टीसमोरच मन्साराम मुलामेवाल्याचं दुकान होतं. मन्साराम कुठल्याही धातूवर चांदीचा मुलामा चढवून असा चमकवायचा, की माशीसुद्धा बसायच्या आधी पाय पुसायची. राजाचं पानदान, राणीचा अडकित्ता, प्रधानजींची पिकदाणी, सगळं त्याच्या हातचं. सटवाजीचं आणि त्याचं रोज सकाळी एक भांडण ठरलेलं असे.

"मन्सारामा, तुझं काम म्हणजे शिळ्या भाकरीवर तूप!"

"आणि तुझं म्हणजे कोरडी भाकरी! तुझ्या आजाच्या आकड्याला माझ्या बापाचा मुलामा लावू दिला असता, तर आज तो गंजला नसता."

"मुलामा म्हणजे नुसता नटवेपणा."

"आणि गंज म्हणजे काय, घराण्याची अब्रू?"

इथवर आलं, की दोघंही आपापल्या कामाला लागत.

एका सकाळी पैलनगरातून नगारा वाजू लागला. मुलगा झाला तर नऊ ठोके आणि मुलगी झाली तर सात, असं ठरलेलं होतं. राजा बोटं मोजत उभा राहिला. सात ठोके पडले आणि नगारा थांबला.

"नात!" राजा ओरडला. "मला नात झाली!" आणि त्याने जवळ उभ्या असलेल्या प्रधानजींना एवढ्या जोरात मिठी मारली, की त्यांची पगडी मागच्या मागे पडली.

लगेच दरबार भरला. बारसं बाराव्या दिवशी. त्या दिवशी सकाळी राजाराणीने पाळण्यातून पलीकडे जायचं ठरलं. राजा म्हणाला, "सटवाजी, नवा आकडा तू घडवायचा. मन्सारामा, त्यावर मुलामा तू चढवायचा. असा चमकला पाहिजे, की पलीकडून माझ्या लेकीला दिसेल. आणि आकडा घडवणाऱ्याला मी माझ्याशेजारी पाळण्यात बसवून बारशाला नेणार!"

सटवाजीची छाती एवढी फुगली, की बंडीचा एक बंद तुटला. "महाराज, असा आकडा घडवतो, की हत्ती नाचवा..."

"हत्ती न्यायचा नाहीये," राणी म्हणाली. "आम्ही दोघं आणि तू, एवढेच आहोत."

"तसं फार अंतर नाही," प्रधानजी पुटपुटले आणि राजाच्या पोटाकडे बघून चटकन गप्प झाले.

आता बारा दिवस म्हणजे भरपूर. पण सटवाजीने पहिले पाच दिवस पेठेत मिशांना पीळ देत फिरण्यात घालवले. ज्याला त्याला थांबवून सांगायचं, की मी राजाशेजारी बसणार. सहाव्या दिवशी हौसाने विचारलं, "बसणार ते कळलं. पण आकड्याशिवाय कशावर बसणार?" तेव्हा कुठे भट्टी पेटली.

मग मात्र त्याने खरंच मेहनत केली. घणावर घण घालून पोलाद वळवलं, आकड्याला सुरेख बाक दिला. नवव्या दिवशी दुपारी आकडा लालबुंद तापला होता. दारात मन्साराम उभा. "आण लवकर! मला दोन दिवस लागतात. आकडा आधी चिंचेच्या आंबट पाण्यात भिजवायचा, मळ काढायचा, मग मुलामा. उशीर झाला तर माझ्यावर खापर नको."

सटवाजी घायकुतीला आला. पोलाद गरजेपेक्षा जास्तच तापलं होतं, ते त्याला दिसलं. तरी त्याने सांडशीत आकडा धरला आणि पाण्यात बुडवला. चर्रर्र झालं, वाफेचा लोट उठला, आणि त्या वाफेतून एक बारीक, गोड आवाज आला. टिंग!

सटवाजीचं काळीज चरकलं. लोहाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला हा आवाज ओळखता येतो. पोलादाला चीर गेली की असंच वाजतं.

"काय वाजलं हो?" हौसाने भाता थांबवून विचारलं.

"माझा गुडघा," सटवाजी म्हणाला.

त्याने पाठ फिरवून आकडा उजेडात धरला. बाकाच्या आतल्या बाजूला केसाइतकी बारीक रेघ होती. पुन्हा घडवायचा तर चार दिवस हवेत. आणि चार दिवस मागायचे, तर भर दरबारात सांगावं लागणार, की पहिले पाच दिवस मी मिशांना पीळ देत होतो.

"अहो, ताठा तरी उतरवा," हौसा म्हणाली. "अर्धा दिवस लागेल."

"अर्धा दिवस कुठून आणू? आणि कशाला उतरवायचा? कडक आहे तेच चांगलं." असं म्हणत सटवाजीने आकडा मन्सारामाच्या हातात कोंबला आणि त्याच्या डोळ्याला डोळा न देता भट्टी विझवायला लागला.

मन्सारामाने आकडा दीड दिवस आंबट पाण्यात भिजत ठेवला आणि मग त्यावर मुलामा चढवला. अकराव्या दिवशी सटवाजी घाबरत घाबरत बघायला गेला. आकडा चंद्रकोरीसारखा चमकत होता. त्याने बाकाच्या आतल्या बाजूने नख फिरवून पाहिलं. रेघ नाही! चांदीने ती अशी भरून निघाली होती, जणू कधी नव्हतीच. सटवाजीला एकदम हलकं वाटलं. दिसत नाही म्हणजे नसेलच, असं त्याने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काही सांगायला बसला, की ऐकणारा फार लवकर पटवून घेतो.

बारावा दिवस उजाडला. सगळं कडेनगर काठावर जमलं. पाळणा झेंडूच्या माळांनी सजवलेला, वर आकडा लखलखतोय. पलीकडच्या काठावर ठिपक्याएवढी माणसं हात हलवत होती. राणीच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता. राजाने तर कमालच केली होती. त्याने मुदपाकखान्यातून एक बेताचा कोहळा आणवला होता, त्याला दुपट्यात गुंडाळलं होतं आणि तो छातीशी धरून इकडून तिकडे फेऱ्या घालत होता.

"अहो, मान धरा, मान!" राणी म्हणाली.

"कोहळ्याला मान कुठली?"

"मग देठ धरा! पण सवय करा."

पुरोहित म्हणाले, "मुहूर्त जवळ आला. आकडा घडवणारे सटवाजी, पाळण्यात बसा."

सटवाजीने पाळण्याकडे पाहिलं, मग दरीकडे पाहिलं, आणि कालपासून हलकं वाटणारं मन दगडासारखं जड झालं. त्याने एक मोठ्ठी शिंक काढली.

"अपशकुन झाला, महाराज! आज नको."

"धुक्याची शिंक शकुनात धरत नाहीत," पुरोहित म्हणाले. "नाहीतर इथे एकही लग्न लागलं नसतं."

"मग आधी धोंडे भरून पाहू या का? वजन तोलून..."

"फुलं चुरगळतील," प्रधानजी म्हणाले.

"महाराज, माझ्या पोटात कळ आली!" सटवाजी पोट धरून खाली बसला. "मला नाही जमायचं. तुम्ही..." पुढचं ‘तुम्हीही जाऊ नका’ त्याने गिळून टाकलं.

"अरेरे!" राजा हळहळला. "बिचाऱ्याचं नशीबच वाईट. मग त्याच्या जागी मन्साराम बसेल."

मन्सारामाला आधी खरंच वाटेना. मग तो धावत आला, खाली बसलेल्या सटवाजीचे दोन्ही हात त्याने धरले आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सटवाजी, रोज तुझ्याशी भांडलो रे मी. आणि आज तुझी जागा मला मिळाली. पलीकडे गेलो की तुझ्यासाठी बारशाच्या घुगऱ्या बांधून आणतो. अगदी मूठभर नाही, पदरभर!" आणि तो जाऊन पाळण्यात बसला.

सटवाजीला वाटलं, आता जमीन फाटावी. निदान पोटातली कळ तरी खरी व्हावी. तो वाचला होता, बाकीचे जाणार होते, आणि कुणालाच कधी कळणार नव्हतं. आकडा दरीच्या तळाला गेल्यावर त्याची चीर बघायला कोण उतरणार?

एवढ्यात राजा त्याच्याजवळ येऊन वाकला. कोहळा अजून हातात होता. इकडेतिकडे बघत, राणीला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं, "सटवाजी, तू हाताने काम करणारा माणूस आहेस, म्हणून विचारतो. तलवार धरून धरून माझे हात बघ कसे राठ झालेत. बाळाला टोचणार नाहीत ना?"

सटवाजीने राजाचे हात बघितले. मग दुपट्यातला कोहळा बघितला. राजाने त्याच्या देठाखाली अगदी अलगद, चार बोटं धरली होती.

"महाराज," तो ताडकन उभा राहिला, "पाळण्यात कुणी बसायचं नाही. आकडा कच्चा आहे!"

राजाने वर पाहिलं. आकडा उन्हात झळाळत होता.

"कच्चा? एवढा चमकतोय की!"

"चमक मन्सारामाची आहे, महाराज. कच्चेपणा माझा आहे. पाणी पाजताना त्याला चीर गेली. मी कुणाला सांगितलं नाही. वर त्याचा ताठाही उतरवला नाही."

"चीर?" मन्साराम पाळण्यातून तावातावाने बाहेर आला. "माझ्या हातून गेलेल्या कामात चीर? दाखव कुठे आहे! मला जागा मिळाली म्हणून पोटात दुखतंय याच्या!"

"पोटात तर त्याच्या मघापासूनच दुखतंय," प्रधानजींनी साक्ष दिली.

लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, जळतोय. कुणी म्हणालं, घाबरलाय. सटवाजी जन्मभर थापा मारत आला, त्या सगळ्यांनी ऐकून घेतल्या. आणि आज पहिल्यांदा खरं बोलला, तर एकाचाही विश्वास बसेना. पुरोहित घाई करू लागले. राणी डबा सावरत पाळण्याकडे निघाली.

मग सटवाजीने वाद घालणं सोडलं. त्याने पाळणा खाली टेकवायला लावला, वर चढून आकडा काढला आणि काठावरच्या काळ्या दगडावर ठेवला. गर्दीतून हौसा पुढे आली. तिने काही न विचारता त्याच्या हातात घण दिला.

सटवाजीने घण उचलला आणि एकच घाव घातला.

आकडा वाकला नाही. सटवाजी आयुष्यभर म्हणायचा तसाच, जराही वाकला नाही. त्याचे फक्त तीन तुकडे झाले. एक तुकडा दगडावर राहिला, दुसरा पुरोहितांच्या पायाशी पडला आणि तिसरा टणकन उडून प्रधानजींच्या पगडीत जाऊन बसला. तुटलेल्या तोंडावर पोलादाचे दाणे खडीसाखरेसारखे जाडेभरडे दिसत होते. आणि एका कडेला, चांदीच्या पातळ सालीखाली, जुनी काळी चीर होती.

राजाचे हात सैल पडले, कोहळा दुपट्यातून निसटला आणि काठावरून खाली गेला. सगळे श्वास धरून ऐकत राहिले. कुणीतरी मनात मोजायला लागलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात... आणि मग फार खालून, बारीकसा आवाज आला. फच्च.

राजा मटकन खाली बसला. राणीने त्याचा हात घट्ट धरला. मन्साराम पांढराफटक पडला होता.

"मला गुडघा म्हणालात," हौसा हळूच म्हणाली. "तरी म्हटलं, गुडघा एवढा गोड कसा वाजतो."

सटवाजीने राजासमोर मान खाली घातली. "महाराज, द्याल ती शिक्षा मान्य आहे. मन्सारामाचा यात दोष नाही. त्याला मी चीर दाखवलीच नाही."

राजाला आधी प्रचंड राग आला. त्याचे कान लाल झाले. मग त्याने दरीकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं, आणि राग थोडा उतरला. "तू तर पाळण्यात बसणार नव्हतास. गप्प राहिला असतास, तर वाचला असतास. मग बोललास का?"

"तुम्ही कोहळा फार जपून धरला होता, महाराज."

राजाने हातातल्या रिकाम्या दुपट्याची घडी घातली. "शिक्षा ऐक. नवा आकडा तूच घडवायचा. आणि तो तयार झाला, की पाळण्यात पहिला तू बसायचं. एकटा. फक्त या वेळीच नाही; या पाळण्याचा आकडा जेव्हा जेव्हा बदलेल, तेव्हा तेव्हा."

पण बारशाचं काय? पलीकडची माणसं हातवारे करून विचारत होती. मुहूर्त तर थांबणार नव्हता. शेवटी राणीच म्हणाली, "त्यांनी तिकडे नाव ठेवावं, आपण इकडून ऐकू."

मग कडेनगरच्या आणि पैलनगरच्या इतिहासात कधी झालं नव्हतं असं बारसं झालं. राजाची लेक बाळाला घेऊन काठाजवळ आली. बाळाच्या आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि मग तेच नाव या काठासाठी जोरात ओरडलं. इकडे दोन हजार माणसांनी एकदम "कुर्रर्र" केलं. दरीतले सगळे पोपट उडाले. बाळ दचकून रडायला लागलं आणि ते रडणं दरीभर घुमलं.

"काय आवाज आहे!" राजा कौतुकाने म्हणाला. "माझ्यावर गेलाय."

"पण नाव काय ठेवलं?" राणीने विचारलं.

आत्याने ‘अंशुमती’ ठेवलं होतं. पण दरीने त्यातलं पहिलं अक्षर गिळलं, ‘शु’चा ‘सु’ केला, आणि इकडे नुसतं "सुमतीऽऽ" पोचलं. म्हणून ती मुलगी पुढे जन्मभर त्या काठावर अंशुमती आणि या काठावर सुमती राहिली, आणि दोन्ही नावांनी हाक मारली तरी ओ देत नसे.

बारसं आटोपताच सटवाजीने भट्टी पेटवली. या खेपेस पेठेत फिरायला गेला नाही. एक नाही, दोन आकडे घडवले, अगदी सारखे. पोलाद बेताचंच तापवलं, पाणी पाजलं आणि कान देऊन ऐकलं. काही वाजलं नाही. मग प्रत्येक आकड्याची एक बाजू वालुकाश्माने घासून लख्ख केली, म्हणजे रंग दिसावा, आणि आकडे मंद आचेवर ठेवले.

"आता हात मांडीखाली घ्या," हौसा म्हणाली. "आणि बसून राहा."

सटवाजी बसला. मन्सारामही येऊन शेजारी टेकला. एवढी वर्षं समोर राहून त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. लख्ख पोलादावर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग आला.

"झालं?" मन्सारामाने विचारलं.

"वस्तऱ्यासाठी झालं. आकड्यासाठी नाही."

मग रंग तांबूस झाला, मग जांभळा. सटवाजीचे हात सारखे मांडीखालून निघायला बघत होते. शेवटी मोराच्या मानेसारखा निळा रंग पसरत आला, तेव्हा हौसा म्हणाली, "आता!" आणि त्याने आकडे आचेवरून उतरवले.

"आता माझं काम," मन्साराम म्हणाला. "पण माझ्या आंबट पाण्यात टाकायचा ना?"

"मागच्याएवढा वेळ नको. कडक पोलाद आंबट पाण्यात फार मुरलं की आणखी ठिसूळ होतं, असं माझा आजा म्हणायचा. माझा आकडा मीच बिघडवला होता. तुझ्या चिंचेने उरलेलं केलं असेल."

मन्साराम तोंड उघडून भांडणार होता, पण त्याने विचार केला. "मग वाळूने घासूनच साफ करतो. आणि चांदी नको. कथलाची कल्हई करतो. तेवढी चमकणार नाही, पण धुकं आत शिरणार नाही."

"कर," सटवाजी म्हणाला. मग जरा थांबून, नाक खाजवत म्हणाला, "आजाच्या आकड्यालाही ती हवीच होती. आत पक्का होता बिचारा. बाहेरून खाल्ला गेला." हे बोलायला त्याला आकडा घडवण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

पाचव्या दिवशी काठावर पुन्हा सगळे जमले. पहिला आकडा तीन वाशांच्या एका उंच तिकाटण्याला टांगला आणि खाली धोंडे लटकवायला सुरुवात केली. राजाएवढं वजन झालं, राजाराणीएवढं झालं, दोन राजे आणि दोन राण्यांएवढं झालं. आकडा जसाच्या तसा. मग राजाने हट्टाने आणखी धोंडे चढवायला लावले. चार राजांएवढं वजन झालं, तेव्हा आकडा किंचित उघडला. बोटभर.

"वाकला!" राजा ओरडला. "अरे, तू तर म्हणायचास, माझं पोलाद वाकणार नाही!"

"वाकला म्हणूनच तो चांगला आहे, महाराज," सटवाजी म्हणाला. "हा आधी वाकून सांगतो, की बाबांनो, ओझं झालं, उतरा. तो पहिला काही सांगणारच नव्हता."

दुसरा, न वापरलेला आकडा पाळण्याला लावला. सटवाजी एकटा आत बसला, डोळे गच्च मिटून. पलीकडच्यांनी दोर ओढला. दरीच्या मधोमध वारा आला, पाळणा जोरात हलला आणि सटवाजीने आठवतील तेवढ्या सगळ्या देवांची नावं घेतली. आठवेनासे झाले, तेव्हा हौसाचं घेतलं. पाय जमिनीला लागले, तेव्हा कुठे त्याने एक डोळा उघडला.

मग राजाराणी आली, मागून मन्साराम आला. लेकीने आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. आत्याने बाळ आणून राजाच्या हातात दिलं. राजा एवढा घाबरला, की श्वास घ्यायचंही विसरला. बाळाने त्याच्या राठ हाताला गाल लावला, एक जांभई दिली आणि झोपून गेलं. राजा तसाच, जराही न हलता, दुपार टळेपर्यंत उभा होता. जेवायला बोलावलं तरी गेला नाही, आणि हे कडेनगरात फार दिवस कुणाला खरं वाटलं नाही.

त्या साली सटवाजीच्या विळ्यांबद्दल गवताला कुणी दोष दिला नाही. गिऱ्हाईक घाई करू लागलं, तर तो त्याला आचेसमोर पाटावर बसवायचा आणि म्हणायचा, "निळा रंग येईपर्यंत बसा. मलाही कंटाळा येतोय. दोघं मिळून कंटाळू."

तर मुलांनो, आणि मुलांना गोष्ट सांगणाऱ्या मोठ्यांनो, यातलं तात्पर्य एवढंच: कडकपणा म्हणजे बळकटपणा नव्हे, आणि चमक म्हणजे पक्केपणा नव्हे. मुलामा चांगल्या पोलादाला जपतो, पण तडकलेल्याला सांधत नाही. तडा आपल्याच हातून गेला असेल, तर तो कुणी पाळण्यात बसायच्या आधी सांगावा.